रस्ता नकाशावर येतो, खाण येत नाही

सोलापुरातून बहुतेक मोठ्या वाटांनी बाहेर पडलं की आता चौपदरी रस्ता लागतो. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर, सांगली... गेल्या पंधरा-वीस वर्षांत या रस्त्यांनी जिल्ह्याचं रूप पालटून टाकलं. त्यांच्या पोटात भरलेला मुरूम, वरची खडी, पुलांसाठी लागलेलं डबर हे काही फार लांबून आलेलं नाही. दगड लांबून आणणं परवडतच नाही, कारण गाडीभाडंच मालाची किंमत खाऊन टाकतं. म्हणून रस्ता जिथे होतो, तिथलाच जवळपासचा एखादा माळ, एखादं टेकाड, एखादं गायरान उकरलं जातं. रस्ता पुरा झाला की तो मोबाइलवरच्या नकाशावर टोलनाक्यासकट उमटतो. ज्या खड्ड्यातून तो निघाला, त्या खड्ड्याची मात्र तिथे खूणही नसते.

सरकारी दप्तरातही या खड्ड्यांना धड जागा नाही. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातली पहिली जलाशय गणना प्रसिद्ध केली. देशभरात २४,२४,५४० जलाशय मोजले गेले, त्यांतले ९७,०६२ महाराष्ट्रात. गणना मोठ्या कष्टाची होती आणि ती व्हायलाच हवी होती. पण कशाला जलाशय म्हणायचं नाही, याचीही यादी तिच्यात आहे. खाणकाम, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाळ्यात साचणारं तात्पुरतं पाणी त्या यादीनुसार मोजणीबाहेर राहिलं. दुसरीकडे, बेकायदा खाणकामावर उपग्रहातून नजर ठेवणारी केंद्राची ‘मायनिंग सर्व्हेलन्स सिस्टिम’ २०१६ पासून चालू आहे. तिचा भर प्रमुख खनिजांच्या भाडेपट्ट्यांवर आणि त्यांच्या भोवतालच्या ५०० मीटरच्या पट्ट्यावर. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. ती राज्याच्या अखत्यारीत येतात. म्हणजे सोलापूरच्या माळावरचा दगडखाणीचा खड्डा पाणी म्हणूनही मोजला जात नाही आणि त्याच्यावर आभाळातून कायमची नजरही नाही. तो असतो फक्त तहसील कचेरीतल्या एखाद्या परवान्याच्या फाइलमध्ये, आणि परवाना नसेल तर तिथेही नसतो.

त्या गावात राहणाऱ्याला मात्र तो रोज भेटतो. उन्हाळ्याच्या सुटीत पोरं पोहायला उतरतात आणि कडा सरळ तुटलेला असल्यामुळे बुडतात. अशी बातमी राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शहराच्या कडेने दरवर्षी येते. क्रशरची भुकटी ज्वारीच्या पानावर बसते. ओढ्याचा उतार मधेच तोडला जातो आणि खालच्या विहिरीचं पाणी कमी झालं असं शेतकरी सांगतो. पण ओढा आधी कुठून वाहत होता, हे दाखवायला त्याच्या हातात काही नसतं.

या खड्ड्यांचा नकाशा लोकांनी स्वतः करावा, आणि तो सरकारकडून येण्याची वाट पाहत बसू नये. हे काम आज एखाद्या महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या आवाक्यातलं आहे. जगात ते झालेलं आहे, आणि त्यात चुका कुठे होतात हेही कळलेलं आहे.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे यासाठी आधी पाहावं लागतं. खाणकामाने जमिनीचं रूप बदलण्याचा प्रकार तिथल्याइतका मोठा फार थोड्या ठिकाणी झाला आहे. किंबर्लीची हिऱ्यांची खाण १८७१ पासून १९१४ पर्यंत बहुतांशी कुदळ-फावड्याने खणली गेली. जोहान्सबर्ग शहर १८८६ च्या सोन्याच्या शोधातून उभं राहिलं, आणि खाणींतून उपसलेल्या मातीच्या पिवळसर टेकड्या आजही त्या शहरात आहेत. त्यांच्या पायथ्याशी गरिबांच्या वस्त्या आहेत. मालक सोडून गेलेल्या, बेवारस झालेल्या खाणींची संख्या एकट्या दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांच्या घरात सांगितली जाते.

तिथल्याच लेसोथोचं उदाहरण सोलापूरला जास्त जवळचं आहे. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा डोंगरी देश क्षेत्रफळाने सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण दोन सोलापूर जिल्हे. तिथल्या नियोजन खात्याला गावांचे, वाटांचे, वापरात असलेल्या जमिनीचे नकाशे हवे होते आणि ते करून घेण्याइतका पैसा नव्हता. आयर्लंडमधले काही नगर नियोजनकार पुढे आले, लेसोथोच्या नियोजन खात्यातले लोक त्यांच्यासोबत बसले, आणि ‘मॅप लेसोथो’ नावाची चळवळ उभी राहिली. साधन होतं ओपनस्ट्रीटमॅप. विकिपीडियावर जशी कुणालाही नोंद करता येते तसा कुणालाही भर घालता येणारा हा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. उपग्रहचित्र समोर उघडायचं, घराच्या कडेने रेघ ओढायची, रस्त्यावरून रेघ ओढायची, आणि जतन करायचं. एवढ्या साध्या कामातून एका देशाचा नकाशा भरत गेला.

खाणींच्या बाबतीतही हीच पद्धत वापरली गेली, फक्त तिथे स्वयंसेवकांच्या जागी संशोधक होते. व्हिएन्नातल्या अर्थशास्त्र विद्यापीठातल्या व्हिक्टर माउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या खाणींच्या कडा उपग्रहचित्रांवरून, माणसाच्या डोळ्यांनी पाहून आखल्या. २०२० मध्ये त्यांनी २१,०६० आकृत्या प्रसिद्ध केल्या. दोन वर्षांनी सुधारित संचात त्या ४४,९२९ झाल्या आणि क्षेत्र एक लाख चौरस किलोमीटरच्या वर गेलं. पण त्यांच्या पहिल्या कामाची सुरुवात व्यावसायिक खाणींच्या एका यादीपासून झाली होती: यादीतल्या खाणीभोवतीचे दहा किलोमीटर तपासायचे आणि दिसेल ते आखायचं. ज्या यादीत तांबं, सोनं, कोळसा, लोखंड असतं तिच्यात तुळजापूर रस्त्यालगतची खडीची खाण येणार कशी? जगाचा नकाशा बनवणाऱ्याला जी खाण दिसत नाही, ती गावातल्या माणसालाच दाखवावी लागेल.

दुरून नकाशा करण्याची दुसरी अडचण आकार ओळखण्याची. दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशात उथळ, पांढरट, पावसाळ्यात भरणारी नैसर्गिक तळी असतात. हजारो मैलांवर बसलेल्याला ती खाणीची तळी वाटू शकतात. उलट, उपसलेल्या मातीचा जुना ढीग गवताने झाकला गेला की निसर्गाची टेकडी वाटतो. शिवाय ओपनस्ट्रीटमॅपवर उघड्या खाणीची मूळ खूण एकच आहे. बोत्स्वानातली ज्वानेंगची अवाढव्य हिऱ्यांची खाण आणि एखाद्या गावाबाहेरचा मुरमाचा खड्डा, दोन्ही त्याच खुणेखाली. जादा तपशील जोडायची सोय आहे, पण तो तपशील माहीत असलेला माणूस लागतो.

सोलापूरच्या माळावरही हाच गोंधळ होईल, म्हणून इथली जमीन वरून कशी दिसते हे जरा बारकाईने पाहायला हवं. सांगोला-पंढरपूरच्या डाळिंब-द्राक्षांच्या पट्ट्यात शेततळी पुष्कळ. शेततळं ओळखायला सोपं: चार सरळ बाजू, भोवती बांध, आत प्लॅस्टिकच्या कागदाची चमक. पाझर तलावाची एकच बाजू सरळ असते, ती बांधाची. दुसऱ्या बाजूने पाणी ओढ्याच्या फाट्यांत बोटांसारखं शिरलेलं. वीटभट्टीभोवती लालसर जमीन आणि वाळत घातलेल्या विटांच्या रांगा. मुरमाचा खड्डा उथळ, फिकट तांबूस, कडा ठळक नसलेला. त्याच्यात ट्रॅक्टर-टिपरच्या चाकोऱ्या वाटेल तशा फिरलेल्या, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्यावर गवत. दगडखाणीची कड मात्र खडबडीत, तुटक असते. एका अंगाने डंपर खाली उतरण्याची उताराची वाट, बाकी तीन अंगांनी उभा कातळ. शेजारी क्रशर चालू असेल तर राखाडी खडीचे शंकू आणि भोवतालच्या शेतांवर पांढुरकी झाक. वाळूचा उपसा नदीच्या पात्रात शोधायचा: काठावरून पात्रात उतरलेली चाकोरी आणि पुढे गोल-गोल डोह.

एक खूण फार उपयोगाची आहे. जमिनीची छायाचित्रं घेणारे बहुतेक उपग्रह आपल्याकडून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. सूर्य तेव्हा पूर्वेकडे असतो. त्यामुळे खड्डा असेल तर त्याच्या पूर्वेच्या कड्याची सावली खड्ड्याच्या आत पडते, आणि ढीग असेल तर सावली त्याच्या पश्चिमेला, बाहेर पडते. चित्रावर काळी पट्टी कुठल्या अंगाला आहे एवढं पाहिलं की ढीग आणि खड्डा यांत गल्लत होत नाही. हे अकरावीतल्या मुलीला दहा मिनिटांत शिकवता येतं.

चित्रांचाही तुटवडा नाही. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती फुकट आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटरचा ठिपका असलेली चित्रं २०१५ पासून मिळतात, आणि साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं. पन्नास मीटर रुंदीचा खड्डा त्यात पाच ठिपक्यांचा दिसतो. कड नेमकी आखायला तेवढं पुरत नाही, पण खड्डा मागच्या दिवाळीला होता की नाही, एवढं सांगायला पुरतं. महत्त्वाचं तेच आहे. एका दिवसाचा नकाशा खड्डा दाखवतो. दहा वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवले की कुठलं टेकाड कधी गेलं, ते दिसतं.

मग अडतं कुठे? खोलीपाशी. वरून घेतलेल्या साध्या चित्रात लांबी-रुंदी मिळते, खोली मिळत नाही, आणि गौण खनिजाचा सगळा हिशेब घनफळावर आहे. शंभर मीटर लांब, ऐंशी मीटर रुंद आणि सरासरी दहा मीटर खोल खड्ड्यातून ८०,००० घनमीटर दगड निघतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. हिशेब २८,००० ब्रासच्या पुढे जातो. ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन धरलं तरी रक्कम १ कोटी ६९ लाखांवर पोहोचते. खोली दहाऐवजी बारा मीटर निघाली तर त्यात आणखी जवळपास ३४ लाखांची भर पडते. दोन मीटरचा हा फरक कुठलाही स्वयंसेवक घरी बसून सांगू शकत नाही. त्याला ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने केलेली मोजणी लागते किंवा ड्रोन लागतो, आणि ते काम खनिकर्म विभागाचं आहे. लोकांच्या नकाशाने या कामाची जागा घ्यायची नाही. मोजणी कुठे व्हायला हवी, ते दाखवायचं.

एक शिस्त सगळ्यांत आधी पाळावी लागेल. लोकांच्या नकाशावर ‘बेकायदा’ हा शिक्का कधीही मारायचा नाही. आभाळातून परवाना दिसत नाही. दिसतो तो खड्डा, त्याचा आकार आणि तारीख. तेवढंच लिहायचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगतं. असा दंड लावायचा की नाही हे ठरवायला तहसीलदार आहेत, सुनावणी आहे, अपील आहे. स्वयंसेवकाने निकाल द्यायला सुरुवात केली की त्याच्या नकाशावरचा विश्वास जातो, आणि मग खरी नोंदही कुणी मानत नाही.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस माढा तालुक्यातलं कुर्डू हे गाव मुरमाच्या उपशावरून राज्यभर गाजलं. कारवाईला गेलेल्या उपविभागीय पोलीस अधिकारी आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री यांचं फोनवरचं बोलणं चित्रफितीतून घरोघरी पोहोचलं. पुढे बरेच दिवस चर्चा झाली ती कोण कुणाशी कसं बोललं याची. उपसा कुठल्या गटात चालला होता, किती क्षेत्रावर, परवानगी कशाची होती, खड्डा त्याआधी केवढा होता, हे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. गावाचा खड्ड्यांचा नकाशा तारखांसह आधीपासून सर्वांसमोर असता, तर वादाला निदान जमिनीचा आधार मिळाला असता.

सरकारी नकाशा म्हणजे बिनचूक आणि हौशी लोकांचा नकाशा म्हणजे चुकीचा, असा आक्षेप इथे हमखास येईल. सोलापूरने याचं उत्तर स्वतः भोगलं आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ मध्ये झाली, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर धरलं गेलं. सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतली गावंच्या गावं, बागायती, बाजारपेठा त्यात गेल्या. माळढोकला लागतो तो गवताळ माळ. ऊस आणि वस्ती त्याच्या काही कामाची नाही. तीस वर्षांहून अधिक काळ लोकांच्या जमिनीच्या व्यवहारांना आणि परवानग्यांना या रेघेचा काच होता. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. या खटाटोपात पक्ष्याचं काय झालं? आज नान्नजला माळढोक अपवादानेच दिसतो. रेघ आखणाऱ्यांनी माळावर फिरून गवत कुठे आहे, चराई कुठे आहे, दगड कुठे निघतो, एवढं आधी पाहिलं असतं, तर पक्षी आणि शेतकरी एकमेकांचे शत्रू म्हणून उभे राहिले नसते.

माळाची उपेक्षा इथे संपत नाही. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ आणि खुरट्या झुडपांची जमीन सर्रास पडीक म्हणून दाखवली जाते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा देशव्यापी नकाशा केला, तेव्हा त्या देशाच्या सुमारे दहाव्या हिश्शावर पसरलेल्या आढळल्या. लांडगा, खोकड, काळवीट, धावीक इथलेच. धनगरांची मेंढरं इथेच चरतात. पण ‘पडीक’ असा शेरा एकदा बसला की खाणीची परवानगी देताना कुणाचा हात अडखळत नाही. खड्ड्यांच्या नकाशासोबत माळाचा नकाशाही झाला पाहिजे तो यासाठी. गेलेला दगड मोजताना त्यावरचं काय गेलं, हेही नोंदलं गेलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नकाशाने गरीब माणूस उघडा पडतो. दक्षिण आफ्रिकेत सोडून दिलेल्या सोन्याच्या खाणींत जीव धोक्यात घालून उतरणाऱ्यांना ‘झामा झामा’ म्हणतात. स्टिलफाँटेनजवळच्या खाणीत पोलिसांनी बाहेरून अन्नपाण्याची वाट रोखली, आणि जानेवारी २०२५ मध्ये बचावकार्य झालं तेव्हा ७८ मृतदेह वर काढावे लागले. नकाशा कुणाच्या हातात जातो, यावर तो कुणाच्या कामाचा ठरतो हे अवलंबून असतं. सोलापुरात वडार समाजाची जुनी वस्ती आहे; दगड फोडणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. घण आणि छिन्नीने दगड काढणाऱ्या कुटुंबाचा लहानसा खड्डा आणि पोकलेन लावून महिन्याभरात डोंगर कापणारी खाण नकाशावर एकाच रंगात आली, तर कारवाईचा पहिला दणका कुणाला बसेल हे सांगायला नको. हातखाण आणि यंत्रखाण वेगळी दाखवायची, आणि खाणीशेजारची वस्तीही दाखवायची. पुण्याजवळ वाघोलीला ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून दगडखाण कामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या, त्या याच जाणिवेतून: खाणीवरचं मूल कुठल्याच गावाच्या पटावर नसतं. नकाशावर खाणीच्या कडेला पत्र्याच्या दहा खोल्या आल्या की शाळा किती लांब आहे, पाण्याचा नळ किती लांब आहे, हे प्रश्न विचारता येतात.

आणि स्वयंसेवकांचा जीव? वाळूच्या गाड्या अडवणाऱ्या तलाठ्यांवर, मंडळ अधिकाऱ्यांवर हल्ले झालेले सगळ्यांनी वाचले आहेत. उजनीच्या पाणलोटात वाळूच्या बोटी पकडून स्फोटकांनी उडवून द्यायची वेळ प्रशासनावर वारंवार येते, यावरून त्या धंद्यात किती पैसा आहे हे ध्यानात यावं. चालू खाणीवर किंवा रात्रीच्या उपशावर विद्यार्थ्यांना पाठवणं हा गुन्हाच ठरेल. चालू जागा फक्त उपग्रहचित्रावरून आखायच्या. पायी जाऊन पाहायच्या त्या बंद पडलेल्या खाणी, आणि त्याही गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन. नोंद व्यक्तीच्या नावावर न ठेवता महाविद्यालयाच्या किंवा ग्रामसभेच्या नावावर ठेवायची.

पूर्वी अशा कामात कायद्याचीही भीती होती. २०१३ मध्ये गूगलने भारतात ‘मॅपेथॉन’ नावाची नकाशा स्पर्धा घेतली, तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने थेट पोलिसांत तक्रार केली होती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र बदललं. संरक्षणदृष्ट्या संवेदनशील गोष्टी वगळता भारतीय नागरिकाला आणि संस्थेला नकाशे करायला, वापरायला आगाऊ परवानगी लागत नाही.

राहिला प्रश्न गावकऱ्यांच्या मनाचा. मोजणी म्हटलं की गाव धास्तावतं, आणि ते साहजिक आहे. सुरत-चेन्नई महामार्गासाठी बार्शी, अक्कलकोट भागात जमिनी जाणार म्हटल्यावर मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी जो विरोध केला, तो ताजा आहे. मोजणी करणारा बाहेरून येतो आणि जमीन घेऊन जातो, हा इथला अनुभव. पण मोजणी गावाच्या हातात आली की गाव तीच आनंदाने करतं, हाही महाराष्ट्राचाच अनुभव आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ पासून हजारो गावकऱ्यांनी हायड्रोमार्कर हातात घेऊन स्वतःच्या शिवारात समपातळीच्या रेषा आखल्या. ज्यांनी शाळेनंतर भूमितीचं पुस्तक पुन्हा उघडलं नव्हतं, त्या बायांनी चर कुठे खणायचा हे नेमकं सांगितलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने आपल्या जंगलाची हद्द अभ्यास करून, माहिती गोळा करून मांडली, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवरचा सामूहिक वनहक्क मिळवला. गोव्यात २०११ चा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनानंतर रद्द झाला. पुढच्या आराखड्याचे मसुदे ग्रामसभांपुढे गेले तेव्हा कागदावर चुकलेली शेतं आणि डोंगरउतार गावकऱ्यांनी दाखवून दिले. ही सगळी माणसं नकाशाशास्त्र शिकलेली नव्हती. त्यांना जमीन माहीत होती.

उशीर झाला की काय होतं, याची उदाहरणं दोन्हीकडे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेनला ११ सप्टेंबर २०२२ रोजी हिऱ्याच्या खाणीतल्या गाळाचा बांध फुटला आणि गाळ घरांवरून वाहत गेला. नंतर जोहान्सबर्गच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जुनी उपग्रहचित्रं मागे जाऊन तपासली. तो बांध कसा वाढत गेला ते सगळ्यांना खुल्या असलेल्या चित्रांत आधीपासून होतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात कळणे इथे जुलै २०२१ मध्ये लोहखनिजाच्या खाणीचा मातीचा बांध फुटून लाल गाळ शेतांत आणि घरांत शिरला. सोलापूरच्या खडीखाणीत असा गाळ साठत नाही, इथला धोका वेगळा आणि संथ आहे. पण चित्र उपलब्ध असूनही कुणी पाहिलं नाही, ही गोष्ट इथेही तितकीच लागू पडते.

काम करायला माणसं आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, तिथे उपग्रहचित्रं वाचायला शिकवतात. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची हिवाळी शिबिरं दरवर्षी गावोगाव होतात. त्यातला एक दिवस शिवार फेरीला आणि एक दिवस संगणकावर बसून रेघा ओढायला सहज देता येईल. हिवाळा यासाठी सोयीचाही आहे: आकाश निरभ्र, खड्ड्यात पाणी अजून शिल्लक, म्हणजे पाणी धरणारे खड्डे आणि कोरडे खड्डे वेगळे काढता येतात. पाणी धरणाऱ्या बंद खाणींची यादी दुष्काळी तालुक्याला अशीही हवीच आहे. मुरूम लागणार असेल तर नव्या माळाला हात न लावता जुना गाळाने भरलेला तलाव खोल करून त्यातून निघालेलाच वापरावा, हे बुलढाण्यात महामार्गांच्या कामात करून झालेलं आहे. तसं इथे कुठे शक्य आहे, हेही याच नकाशावरून कळेल.

या कामाला कागदोपत्री जागाही आहे. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार गौण खनिजांसाठी प्रत्येक जिल्ह्याने जिल्हा सर्वेक्षण अहवाल करायचा असतो. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि संकेतस्थळावर २१ दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवायचा असतो, आणि दर पाच वर्षांनी अहवाल नवा करायचा असतो. कुठे, किती, कुठपर्यंत खणता येईल याचा पाया हा अहवाल आहे. २१ दिवसांत कुणी शून्यापासून माहिती गोळा करू शकत नाही. गट नंबर, खड्ड्याची कड, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, पाणी आहे की नाही, कडेला वस्ती आहे की नाही आणि गावात त्या जागेला काय म्हणतात, एवढ्या सहा गोष्टींची नोंद हाताशी असेल तर ग्रामसभेला आपल्या सूचना त्या मुदतीत ठराव करून पाठवता येतील. सुरुवातीला अख्ख्या जिल्ह्याचा हट्ट धरायचं कारण नाही. उत्तर सोलापूर तालुका शहराला लागून आहे, नान्नजचा माळ त्यातच आहे, विद्यापीठही तिथेच आहे. पहिली फेरी त्या एका तालुक्याची करावी, आखलेली प्रत्येक आकृती दुसऱ्या विद्यार्थ्याने तपासावी, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या कागदावर छापून लावावी. दुरुस्त्या गावकरी पेनाने करतील, त्या पुन्हा संगणकावर चढवायच्या.